सासूबाईंची मान

आमचे हे खोटं बोलतात. मी चहाडी करत नाहीये, गेटावरच्या कुणालाही विचारा. पोटासाठीच बोलतात म्हणा. लोकांना घळीत न्यायचं, खांब दाखवायचे आणि तोंडाला येईल ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. 'खोटं बोल पण रेटून बोल' ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्यानं आधी आमच्या ह्यांच्याबरोबर एक फेरी मारली असणार.

घळ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या वस्तीच्या मागे सपाट माळ आहे आणि तो एकाएकी संपतो. खाली बघावं तर नुसत्या मातीच्या टेकड्या. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. तांबडा, राखाडी, पांढरट, मधेच हिरवट असे मातीचे पट्टे एकावर एक, आणि ह्या टेकडीवर जो पट्टा ज्या उंचीला, तोच समोरच्या टेकडीवर त्याच उंचीला. आमच्याकडे पाऊस क्वचित येतो, पण आला की दात ओठ खाऊन येतो आणि माती कापत सुटतो. जिथं मातीवर एखादा मोठा दगड बसलेला असतो, तिथं त्या दगडाखालची माती तेवढी वाचते आणि आजूबाजूची वाहून जाते. मग उरतो खांब. खाली मातीचं अंग, वर बारीक मान आणि डोक्यावर दगड. असे खांब आमच्या घळीत ढिगानं आहेत आणि ते बघायला लांबलांबून माणसं येतात. मी घळीच्या गेटावर चहाचं दुकान चालवते. बघून दमलेली माणसं माझ्याकडे येऊन बसतात आणि ह्यांनी काय काय सांगितलं ते मलाच परत ऐकवतात.

एका जोडप्याला सांगितलं, हे दोन खांब म्हणजे रुसलेले नवरा-बायको, उलट्या दिशेला तोंड करून उभे. दाताच्या डॉक्टरांचा घोळका आला तर सगळी घळ म्हणजे राक्षसाची कवळी झाली. ह्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, त्याच करंगळीनं ते खांब दाखवतात. कुणी विचारलंच, की ती कुणाला दरड कोसळून मोडलेली असते, कुणाला विंचवानं धरलेली असते. खरी गोष्ट अशी, की माझ्या आईनं जीपचं दार लावलं तेव्हा ह्यांचं बोट दारात होतं आणि तोंड बडबडीत.

आता आईचा विषय निघालाच आहे तर ऐका. ह्या माणसानं घळीतल्या खांबांना नावं ठेवली ती सगळी माझ्या माहेरच्यांची. लांबडा खांब म्हणजे माझा भाऊ. डोक्याला डोकं लावून उभे आहेत त्या दोन माझ्या आत्या. टोपी कलंडलेला जाडा म्हणजे माझा काका. आणि वाटेच्या शेवटी, जिथं वाट अगदी खालून जाते, तो सगळ्यांत उंच, सगळ्यांत मोठा दगड डोक्यावर घेतलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नाराजीनं बघणारा खांब म्हणजे सासूबाई. फळीवर रंगवून ठेवलंय तसं. स्वतःच्या घरातल्या एकाचं नाव नाही. मी एकदा भांडले तर म्हणाले, "आमच्याकडची माणसं मऊ गं. एका पावसात वाहून गेली."

"माझ्या आईला दगड म्हणता, लाज नाही वाटत?"

"दगड वर आहे. खाली माती आहे. मी दोन्ही बघून नाव ठेवलंय."

मी आधण ठेवायला आत गेले.

आई शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होती. दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बसायची आणि जावयाची प्रत्येक थाप पकडायची. हे कुणाला सांगत असायचे, "ह्या घळीत एकदा मी आठ दिवस अडकलो होतो," की तिकडून आवाज यायचा, "जेवायला घरी आला होता हो, चांगला दोनदा वाढून घेतलं." माणसं खो खो हसायची. हे वाकून म्हणायचे, "सासूबाई, तुमच्या डोक्यावरचा दगड सांभाळा." दोघांचं जराही पटायचं नाही आणि दोघांना एकमेकांवाचून करमायचंही नाही. ह्यांना घळीतून यायला उशीर झाला की आई माझ्यावरच खेकसायची, "कुठं उलथलाय तो बाताड्या?"

एकदा गेटावर सगळे जमलेले असताना ती म्हणाली, "ज्या दिवशी तो दगड पडेल ना, त्या दिवशी माझा जावई खरं बोलेल."

"म्हणजे तुम्ही अमर झालात, सासूबाई," हे म्हणाले.

पण अमर कोण असतं? आई गेली. खुर्ची रिकामी झाली. हे काही दिवस घळीत गेलेच नाहीत. मग परत जायला लागले, परत थापा सुरू झाल्या आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस रुळावर आला.

आता आमची लेक. एकुलती एक. लहानपणी बापाच्या सगळ्या थापा तिनं खऱ्या मानल्या. "टेकड्या पाऊस पडला की कूस बदलतात" हे तिनं कॉलेजात सगळ्या वर्गासमोर सांगितलं म्हणे. शिकायला गेली होती ती हेच, माती नि दगड. सुट्टीत घरी आली तेव्हा पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "बाबा, ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. वरचा थर भेगाळतो, सुटतो, घसरतो. थोडक्यात, टेकड्या खरंच कूस बदलतात." झालं! हे महिनाभर छाती काढून फिरत होते. कॉलेजनं मान्य केलंय, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

शिक्षण संपलं आणि तिला नोकरी लागली ती आमच्याच गेटावरच्या ऑफिसात. घळीवर लक्ष ठेवायचं काम. घरात आमच्या दोनच खोल्या. त्यातल्या मागच्या खोलीत हिनं माझ्या रिकाम्या बरण्यांत वेगवेगळ्या पट्ट्यांची माती भरून ठेवली. साखरेच्या डब्याशेजारी तांबडी माती, खिडकीत राखाडी माती. एका बरणीत पांढरी, कुठल्याशा जुन्या ज्वालामुखीची राख म्हणे. मी एकदा ती भांड्यांची पावडर समजून कढईला लावली. कढई निघाली लख्ख, पण लेक दोन दिवस बोलली नाही.

तिचं मुख्य काम खिळ्यांचं. हातभर लांबीचे लोखंडी खिळे उतारावर जागोजागी ठोकायचे, जरासं टोक बाहेर ठेवायचं. माती जशी वाहून जाईल तसा खिळा जास्त जास्त बाहेर दिसायला लागतो. तो पट्टीनं मोजायचा, म्हणजे टेकडी किती झिजली ते कळतं. सासूबाईंच्या मानेतही तिनं एक खिळा मारला. तेव्हा ह्यांनी तोंड असं केलं, जणू खिळा ह्यांनाच मारला.

त्या वर्षी पाऊस म्हणून पडला नाही. घळ हाडासारखी कोरडी. आणि एक दिवस धुण्यात ह्यांचा सदरा घेतला तर बाह्यांना ओला चिखल! मी म्हटलं, असेल कुठला. परत दोन-चार दिवसांनी तेच. विचारलं तर म्हणाले, "जीप धुतली." जीपवर बोटभर धूळ होती. मग बघितलं, भल्या पहाटे उठून कुठंतरी जातात आणि सगळे उठायच्या आत येऊन परत आडवे होतात. आमच्या शेजारी टोप्या विकणारी बाई आहे, हसतमुख, नवरा नसलेली. तिच्या दुकानामागे पाण्याची टाकी आहे आणि त्या टाकीपाशी मला ह्यांची बादली दिसली. मी टोपीवालीशी बोलणंच टाकलं. ती बिचारी विचारायची, "वहिनी, काय झालं?" मी म्हणायची, "तुलाच ठाऊक!"

अशात एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, सासूबाईंच्या मानेत काहीतरी विचित्र चाललंय."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"पाऊस नाही म्हणून बाकी सगळीकडे खिळे होते तिथंच आहेत. आणि तिथला खिळा कधी आत जातो! म्हणजे त्याच्यावर माती चढते. मग एकदम निघतो तो भसकन बाहेर, आधीपेक्षा जास्त. मान बारीक होत चाललीय. आता पाऊस नसताना माती खालून वर चढते कशी?"

"वारा गं," हे म्हणाले. "तिथला वारा उलटा आहे."

"बाबा."

"मग मुंग्या असतील."

लेक हसली नाही. ताट बाजूला सारून म्हणाली, "आमचे वरचे साहेब येणार आहेत तपासणीला. मला कारण सापडलं नाही तर मी सांगणार, सगळी घळ बंद करा. एका मानेत जे चाललंय ते उद्या सगळ्यांत सुरू झालं तर? खालून माणसं जातात. मला ती जबाबदारी घेता येणार नाही."

घळ बंद म्हणजे गेट बंद. म्हणजे ह्यांच्या फेऱ्या बंद, माझा चहा बंद, टोपीवालीच्या टोप्या बंद. वस्तीत दुसरं आहे काय? आम्ही काही मातीचे पट्टे खाऊन जगणार नव्हतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हात धुवायला उठले आणि किती वेळ नुसते हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे निघाले तशी मीही निघाले, जरा अंतर ठेवून. पायात घरातल्या सपाता. मनात म्हणत होते, आज टोपीवालीला आणि ह्यांना एकत्र पकडते आणि दोघांच्या डोक्यावर ती बादलीच घालते. हे टाकीवरून बादली भरून सरळ घळीत शिरले. टोपीवालीच्या खिडकीतून तिचं घोरणं ऐकू येत होतं. तेव्हाच मला जरा लाज वाटायला हवी होती, पण मी तशीच मागोमाग गेले.

वाटेच्या शेवटी पोचले तर हे ऑफिसातली रंगकामाची शिडी सासूबाईंना लावून वर चढलेले. कडेला ओल्या मातीचा गोळा, आणि हातांनी मानेला माती थापतायत, आपण भिंत लिंपतो ना, तसं. आणि तोंड अर्थातच चालू. "जरा कळ काढा सासूबाई. हलू नका. तुमचं डोकं काय हलकं आहे होय? जन्मभर माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत, आता मी तुमच्या मानेला माती लावतोय."

"अहो!" मी ओरडले.

हे शिडीवरून पडता पडता राहिले. मला बघून आधी म्हणाले, "मी नाहीये हा." अशा वेळीसुद्धा! मग खाली उतरले आणि शेंबड्या पोरासारखे उभे राहिले.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" मी सुरू केलं. "दिवसभर माणसांना 'हात लावू नका, हात लावू नका' म्हणून ओरडता, आणि पहाटे येऊन हे उद्योग?"

"त्या गेल्या ना," हे म्हणाले, "त्यानंतरच्या पावसात मानेचा हा एवढा तुकडा पडला. मला बघवेना गं. म्हटलं, जरा लिंपून घेऊ. तेवढंच टिकेल."

"आणि टिकलं नाही तर खरं बोलावं लागेल, म्हणून होय?"

हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "आता मला खोटं पाडायला कोण राहिलंय? खोटं बोलायला मजाच येत नाही. इथं आलो की वाटतं, ऐकतायत. आत्ता तिकडून आवाज येईल."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर बघितलं. आता चांगलं उजाडलं होतं. मागल्या खेपेची वाळलेली माती पोपडा धरून सुटली होती, आणि त्या पोपड्याच्या आतल्या बाजूला मूळ मानेची तांबडी माती चिकटून आली होती. घर सारवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. ओल्या मातीनं आतलीला ओल दिली, दोन्ही फुगल्या, वाळल्या आणि बरोबरच सुटल्या.

"अहो, तुमचा पोपडा आईची मान घेऊन पडतोय," मी म्हटलं. "जितकं लावताय तितकं कमी होतंय."

त्यांनी खाली पडलेला एक पोपडा हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "म्हणजे मीच..." म्हणाले.

परत येताना मी म्हणाले, "पोरीला सांगा. कारण कळलं की घळ बंद व्हायची नाही."

"बिल्ला जाईल." खांबाला हात लावणाऱ्या गाइडचा बिल्ला काढून घेतात, हा नियम ह्यांनीच सगळ्या नव्या गाइडांना पाठ करून घेतलेला. "आणि बिल्ल्याचं जाऊ दे. तिला जन्मभर थापा मारल्या त्या गमतीच्या होत्या. तिलाही ठाऊक आहे. हे तसलं नाही. तिच्याबरोबर जेवायला बसून मी मुंग्या म्हणालो."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमचं तोंड चांगलं चालतं. तुमचं तुम्ही बघा."

साहेब आले त्या दिवशी सगळं गेट घळीत लोटलं. टोपीवाली, जीपवाले, झाडूवाला, सगळे सासूबाईंपाशी गोळा झाले. लेकीनं खिळा दाखवला, आकडे सांगितले. साहेब पोटावर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे कारण माहीत नाही?"

"नाही साहेब. मला कळलं नाही. म्हणून घळ बंद करावी असं माझं मत आहे." पहिली नोकरी, आणि पहिल्याच कामात असं म्हणायचं. शिवाय ज्यांचं पोट बंद करत होती ते सगळे समोर उभे. टोपीवालीनं डोळ्याला रुमाल लावला. मला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं. मी दात आवळून उभी राहिले.

तेवढ्यात हे पुढं झाले. "साहेब, ह्या सासूबाईंचं असं आहे..."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. लेक म्हणाली, "बाबा, आज नको. हात जोडते."

हे थांबले. छातीवरचा बिल्ला काढला, टाचणी नीट लावून साहेबांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "माती मी लावतो. पहाटे येऊन. ओली करून थापतो. ती वाळून पडते आणि मान घेऊन जाते. बाकी घळीला काही झालेलं नाही."

आणि काय सांगू! कुणाचा विश्वासच बसेना. साहेब हसले. "तुमचे किस्से ऐकलेत हो मी." जीपवाले म्हणाले, "घळ वाचवायला बघतोय बिचारा." टोपीवाली म्हणाली, "कसं मन मोठं आहे!" आणि लेक जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी खोटा आळ अंगावर घेऊ नका. मी सांभाळीन."

जन्मात एकदा माणूस खरं बोलला आणि त्याची ही गत! हे कावरेबावरे होऊन सगळ्यांकडे बघायला लागले. "अहो खरंच! आईशपथ! हिला विचारा!" मी म्हटलं, "खरं आहे." तर साहेब म्हणाले, "बायको नवऱ्याची बाजू घेणारच." उभ्या आयुष्यात मी ह्यांची बाजू घेतली नव्हती, आणि घेतली तर हे ऐकायला मिळालं.

तेव्हा ह्यांनी खाली वाकून पडलेले पोपडे उलटेसुलटे करायला सुरुवात केली. एक टाकला, दुसरा टाकला, तिसरा लेकीसमोर धरला. वाळलेल्या मातीत हाताचा ठसा होता. तळवा, बोटं, आणि बाहेरच्या बाजूला वळलेली करंगळी.

लेकीनं तो तुकडा घेतला. मग ह्यांचा डावा हात धरला आणि त्या ठशात ठेवला. लहानपणी ती हीच करंगळी धरून चालायला शिकली होती. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "कारण सापडलं, साहेब. घळ बंद करायची गरज नाही. फक्त हा खांब सोडून वाट वळवावी लागेल." आणि पुढं म्हणाली, "आणि गाइडचा बिल्ला नियमाप्रमाणे जमा करून घ्यावा."

बिल्ला गेला. परत द्यायचा की नाही ते साहेब पुढं बघणार म्हणाले. वाट वळवली, सासूबाईंभोवती दोरी लावली. लेक बापाशी आठवडाभर बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. हे घरात खिडकीपाशी बसून बरण्यांतल्या मातीशी बोलायला लागले, तेव्हा मला खरंच काळजी वाटली. मग एका सकाळी लेकीनं त्यांच्या पुढ्यात हातोडी ठेवली. "खिळे ठोकायला माणूस हवाय. खांबाला हात लावायचा नाही. मुंग्यांविषयी बोलायचं नाही."

"वाऱ्याविषयी?"

"बाबा!" म्हणाली, पण हसली. मीही त्याच दिवशी टोपीवालीला चहा पाजला आणि कारण न सांगता तिच्याकडून एक टोपी घेतली. मला ती अजिबात शोभत नाही.

पुढं पाऊस आला. दोन दिवस कोसळला. पावसानंतर घळीत लगेच जाता येत नाही, माती बुटाला अशी धरते की पाऊल उचलत नाही. वाळल्यावर आम्ही तिघं गेलो. सासूबाई पडल्या होत्या. मानेचा खुंट तेवढा उभा, आणि तो मोठा दगड खाली नव्या वाटेच्या कडेला. जुनी वाट असती तर बरोबर वाटेवरच. लेकीनं माझा हात घट्ट धरला. हे टोपी काढून उभे राहिले. आईचा शब्द खरा झाला होता, फक्त क्रम तेवढा उलटा. आधी जावई खरं बोलला, मग दगड पडला. मी रडले. आई गेली तेव्हा पाहुण्यांना चहा करण्यात रडायचं राहून गेलं होतं, ते तिथं रडून घेतलं.

आम्ही असे उभे असताना एक म्हातारं जोडपं काठी टेकत टेकत आलं. आजोबा ह्यांच्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुम्हीच ना ते? आमचं लग्न झालं तेव्हा आलो होतो. तुम्ही तेव्हा पोरसवदा होता, नवे जावई. हिला म्हणाला होता, ही सासूबाई कधी पडायची नाही."

मी कपाळाला हात लावला. आता राक्षस येणार, भूकंप येणार, निदान वीज तरी पडणार.

"चूक सांगितलं होतं," हे म्हणाले. "ही माती मऊ. पाण्यानं फुगते, वाळली की सुटते. आज ना उद्या सगळेच पडतात. ह्यांना मी जरा लवकर पाडलं. मानेला ओली माती लावत बसलो, टिकावं म्हणून."

आजी दगडाकडे बघत राहिल्या. त्यांचे गुडघे दुखत असावेत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. "एवढं ओझं घेऊन किती वर्षं उभी होती हो बाई," त्या म्हणाल्या.

ह्यांना राहवेना. "तेच तर. उभं राहून राहून कंटाळल्या होत्या. आता बसल्यात जरा." म्हणाले आणि दचकून लेकीकडे बघायला लागले.

लेक म्हणाली, "हो आजी. बसल्यात."

आजींनी विचारलं, "मग मीही टेकू का जरा? की हात लावायचा नाही?"

ह्यांनी परत लेकीकडे बघितलं. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"बसा हो," मी म्हणाले. "माझ्या आईला सोबत होईल."